कलेवरचं नवं पुस्तक घेण्याआधी

दिवाळीनंतर ग्रंथप्रदर्शनांचे दिवस सुरू झाले की कला विभागाच्या टेबलावर जाडजूड, गुळगुळीत पानांची पुस्तकं मांडलेली दिसतात. कुठे एखाद्या गायकाचं चरित्र, कुठे जुन्या स्टुडिओचा इतिहास, कुठे चित्रकाराचा किंवा छायाचित्रकाराचा भलामोठा संग्रह. बहुतेक पुस्तकं प्लास्टिकच्या वेष्टनात बंद आणि किंमत हजारांत. माझं पहिलं सांगणं असं की, वेष्टनातलं पुस्तक तसंच उचलून घरी आणू नका. उघडी प्रत दाखवा म्हणून विक्रेत्याला सांगा. बरेच जण एक प्रत चाळायला ठेवतात, आणि नसली तरी नीट मागितली तर काढून देतात. ज्या पुस्तकाचा अर्धा जीव छपाईत आणि चित्रांच्या मांडणीत असतो, ते मुखपृष्ठ पाहून ठरवता येत नाही.

प्रत हातात आली की मागच्या पानांपासून सुरुवात करा. सूची आहे का? चित्रं कुणाच्या संग्रहातली आहेत ते दिलंय का? लेखकानं कुणाकुणाला भेटून, कोणती पत्रं, कोणती दप्तरं चाळून लिहिलंय याचा पत्ता लागतो का? कलेवरच्या पुस्तकांत दोन जाती सरळ दिसतात. एकात लेखक मूळ साधनांजवळ बराच काळ बसलेला असतो. दुसऱ्यात आधीच्या पाच पुस्तकांतला मजकूर नव्या शब्दांत फिरवलेला असतो. पहिली पंधरा पानं वाचून हा फरक कळेलच असं नाही, कारण दुसऱ्या जातीची भाषा बरेचदा जास्त गोड असते. शेवटची पंधरा पानं पाहिली की मात्र लगेच कळतो.

एक उदाहरण जरा सविस्तर घेतो, कारण सिनेमा आणि छायाचित्रण या दोन्हींसाठी ते उपयोगी आहे. देबश्री मुखर्जी यांनी संपादित केलेलं 'बॉम्बे टॉकीज' हे पुस्तक २०२३ साली आलं. त्याचा आधार आहे योसेफ विर्शिंग या जर्मन छायालेखकानं काढलेली छायाचित्रं. विर्शिंग म्युनिकहून 'प्रेम संन्यास' या १९२५च्या मूकपटासाठी भारतात आला. पुढे हिमांशू रॉय आणि देविका राणी यांनी १९३४ साली मालाडला बॉम्बे टॉकीज हा स्टुडिओ उभा केला, तेव्हा तिथला कॅमेरा त्याच्याकडे होता. 'अछूत कन्या' त्यानं चित्रित केला. दुसऱ्या महायुद्धात जर्मन नागरिक म्हणून त्याला नजरकैदेत राहावं लागलं. नंतर 'महल' केला आणि 'पाकीजा'चं काम चालू असताना १९६७ साली मुंबईतच तो गेला. सेटवर आणि सेटबाहेर त्यानं काढलेले फोटो त्याच्या कुटुंबानं जपून ठेवले, म्हणून हे पुस्तक होऊ शकलं.

असं पुस्तक चाळताना नटनट्यांचे चेहरे ओळखण्यात वेळ घालवू नका. ते आपोआप ओळखू येतात. नजर फोटोच्या कडेला न्या. दिव्याची तिपाई धरून उभा असलेला माणूस, ट्रॉली ढकलणारे हात, दोन शॉटच्या मधल्या वेळात बसलेली मंडळी, सेटची उघडी पडलेली मागची बाजू. सिनेमा म्हणजे मुळात काम आहे, शेकडो माणसांच्या घामाचं काम, हे त्या कडांमध्ये दिसतं. याच संपादिकेचं 'बॉम्बे हसल' हे २०२०चं पुस्तक नेमकं याच कामाबद्दल आहे. मुंबईत बोलपट उभा राहत होता त्या काळात स्टुडिओत राबणारे कोण होते, पैसा कुठून येत होता, शरीरं कशी थकत होती. ते विद्यापीठीय वळणाचं आहे, इंग्रजी जड आहे, पण आधी छायाचित्रांचं पुस्तक पाहून मग ते हाती घेतलं तर बरंच सुसह्य होतं. दोन पुस्तकं अशी जोडीनं घेण्याची किंवा ग्रंथालयातून जोडीनं आणण्याची सवय लावून घ्या. एकात चित्र, दुसऱ्यात त्यामागचा हिशेब.

सिनेमावरची पुस्तकं निवडताना राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांतल्या सर्वोत्कृष्ट पुस्तकांची यादी सोयीची पडते. अलीकडच्या काळात देविका राणींवरचं किश्वर देसाई यांचं 'द लाँगेस्ट किस', राजीव विजयकर यांचं लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या संगीतावरचं पुस्तक, आणि अनिरुद्ध भट्टाचार्य व पार्थिव धर यांचं किशोरकुमारचं चरित्र यांना तो मिळाला. हिंदी वाचता येत असेल तर यतींद्र मिश्र यांचं 'लता : सुर गाथा' जरूर पाहा. दीर्घ संवादातून ते उभं राहिलंय, त्यामुळे खुद्द लताबाईंचं बोलणं त्यात आहे. यादी मात्र यादीच. पुरस्कार मिळाला म्हणून पुस्तक आपल्या गरजेचं असतंच असं नाही. गाण्याची बांधणी, वाद्यमेळ, ध्वनिमुद्रण यांत रस असणाऱ्याला निव्वळ आठवणींचं चरित्र पुरत नाही. आणि ज्याला माणूस जाणून घ्यायचाय त्याला वाद्यमेळाचे तपशील कंटाळवाणे होतात. घेण्याआधी आपल्याला काय हवंय ते स्वतःला विचारा आणि अनुक्रमणिकेत ते शोधा.

हाच पुरस्कार १९८५ साली एका मराठी पुस्तकाला मिळाला होता, अरुण खोपकर यांच्या 'गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका'ला. नव्या पुस्तकांच्या लेखात चाळीस वर्षांपूर्वीचं नाव घेतोय ते मुद्दाम. सिनेमावरचं कोणतंही नवं पुस्तक आलं की मी मनात ते या पुस्तकाशेजारी ठेवून बघतो. 'प्यासा', 'कागज के फूल' आणि 'साहिब बीबी और गुलाम' या तीनच चित्रपटांवर ते आहे. कथा सांगण्यात ते फार अडकत नाही; प्रकाश, चौकट, कॅमेऱ्याची हालचाल, चेहऱ्याची जागा यांतून अर्थ कसा निघतो ते दाखवतं. वाचण्याची रीत अशी ठेवा. आधी चित्रपट अखंड पाहा, मध्ये थांबू नका. मग त्यावरचं प्रकरण वाचा. मग परत चित्रपट लावा आणि या वेळी हवं तिथे थांबवा. 'कागज के फूल'मध्ये रिकाम्या स्टुडिओत वरून उतरणारा उन्हाचा झोत आहे ना, त्या प्रसंगाशी आवाज बंद करून दोन मिनिटं थांबा. छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी आरशांच्या मदतीनं बाहेरचं ऊन आत घेतलं होतं. एवढं कळल्यावर त्या झोतातले धुळीचे कण, दोन माणसांमधलं अंतर आणि त्यांच्या भोवतीचा काळोख वेगळाच दिसायला लागतो. ज्या नव्या पुस्तकाचं एखादं प्रकरण वाचून असा एक तरी प्रसंग परत लावून पाहावासा वाटत नाही, त्याच्यावर पैसे घालू नका. खोपकरांची पुढची पुस्तकंही, 'चलत्-चित्रव्यूह' धरून, मराठीतच आहेत. आपल्या भाषेत एवढं उपलब्ध असताना इंग्रजीतूनच सुरुवात करायची काही गरज नाही.

संगीताच्या पुस्तकात गाणं ऐकू येत नाही, ही अडचण प्रत्येक लेखकापुढे असते. कुणी ती विशेषणांनी भरून काढतो. दैवी सूर, अलौकिक तान, ब्रह्मानंदी टाळी. कोणतंही पान उघडा आणि त्यातली विशेषणं मनात झाकून बघा. मागे काही माहिती उरते का? कोणता राग, कोणती बंदिश, लय कुठली, मैफल कुठे, सांगणारा कोण? उरत असेल तर पुस्तक घ्या. गवयांच्या चरित्रांत आख्यायिका येणारच, त्या वाचायला आवडतातही, पण चांगला लेखक आख्यायिका आख्यायिका म्हणून सांगतो आणि कागदोपत्री गोष्ट वेगळी ठेवतो.

वामनराव देशपांडे यांचं 'घरंदाज गायकी' १९६१ सालचं. पेशानं ते हिशेबनीस, पण गाणं रीतसर शिकलेले. स्वर आणि लय यांचं प्रमाण प्रत्येक घराण्यात वेगळं असतं, एका टोकाला किराणा, दुसऱ्या टोकाला आग्रा आणि जयपूर त्यांच्या मधोमध, असं त्यांचं म्हणणं. ते पटो न पटो, तपासता येतं, हे या पुस्तकाचं मोठेपण. एका संध्याकाळी किराण्याचे अब्दुल करीम खाँ, आग्र्याचे फैयाज खाँ आणि जयपूरच्या केसरबाई केरकर यांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका ओळीनं ऐका. प्रत्येकी तीन-साडेतीन मिनिटांच्या. एकीकडे सूर लांबवत नेण्याची ओढ, दुसरीकडे बोलांना लयीच्या अंगानं दिलेले ठोसे, आणि केसरबाईंकडे दोन्ही एकमेकांत असे गुंतलेले की वेगळे काढता येऊ नयेत. मग देशपांड्यांचं संबंधित प्रकरण वाचा. शास्त्रीय संगीत कळत नाही म्हणून दूर राहणाऱ्यांना मी हाच उपाय सांगतो. राग ओळखता आला नाही तरी हा फरक कानाला कळतो. त्या तबकड्यांच्या मर्यादेचंही भान ठेवा. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेलेली केसरबाईंची भैरवी याच साडेतीन मिनिटांच्या साच्यातली आहे. मैफलीत तासभर राग उलगडणाऱ्या गायिकेचं ते एवढंसं रूप. गायकावरच्या नव्या पुस्तकात ध्वनिमुद्रिकांची सूची, वर्ष आणि राग यांसकट, दिलेली असेल तर त्या लेखकानं वाचकाची खरी काळजी घेतली असं समजा.

नव्या पुस्तकांपैकी अमित चौधुरी यांचं 'फाइंडिंग द रागा' (२०२१) हे गाणं शिकणाऱ्या कादंबरीकाराचं आहे. त्यात सिद्धांत, आठवण आणि मुंबईतली शिकवणी एकत्र येतात. सलग इतिहास हवा असणाऱ्यांनी ते घेऊ नये. तेजस्विनी निरंजना यांचं 'म्युझिकोफिलिया इन मुंबई' (२०२०) श्रोत्यांकडे वळतं. उत्तरेतल्या दरबारांमधून आलेलं गाणं मुंबईत इतकं कसं रुजलं, ते ऐकायला कोण जात होतं, शिकत कोण होतं. दादर-गिरगावात वाढलेल्या वाचकाला त्यात आपल्याच घरातल्या माणसांची ओळख पटेल.

पण संगीतावरचं एकच नवं पुस्तक सुचवा असं कुणी म्हटलं तर मी टी. एम. कृष्णा यांचं 'सेबॅस्टियन अँड सन्स' (२०२०) हातात देईन. ते मृदंग वाजवणाऱ्यांबद्दल नाही, मृदंग बनवणाऱ्यांबद्दल आहे. फणसाच्या लाकडाचं खोड, त्यावर गाय, म्हैस आणि बकरी यांची कातडी, ती निवडणारे, कमावणारे, ताणून बसवणारे हात, आणि हे हात बहुतांशी दलित ख्रिस्ती कुटुंबांतले. वाद्याच्या नादात त्यांच्या कानाचा आणि बुद्धीचा किती मोठा वाटा आहे, आणि मंचावर त्यांना जागा का नाही, हे तो लेखक स्वतः गायक असून विचारतो. पुस्तकाच्या प्रकाशनासाठी चेन्नईच्या कलाक्षेत्र या संस्थेनं दिलेली सभागृहाची परवानगी ऐनवेळी मागे घेतली होती, यावरून ते कुठे झोंबलं ते कळावं. हे वाचून झाल्यावर मिरजेला जा. सतारी आणि तानपुरे बनवणाऱ्यांची गल्ली तिथे आजही कामात आहे. भोपळा कसा निवडतात, जव्हारी कशी काढतात ते पाहा, आणि मग विचारा की या लोकांवर असं पुस्तक मराठीत कधी येणार.

छायाचित्रांचं पुस्तक वाचायला निवांतपणा लागतो. आपल्याला फोनवर बोटानं फोटो सरकवायची सवय झालीय, तिथे हे पुस्तक हरतं. पहिल्यांदा बघताना मजकूर वाचू नका, पानंही मागेपुढे करू नका. पहिल्यापासून शेवटपर्यंत त्याच क्रमानं जा, कारण क्रम हीच छायाचित्रकाराची रचना असते. समोरासमोरची दोन पानं एकमेकांशी काय बोलतात? मध्ये कोरं पान का सोडलंय? जॉन बर्जर यांच्या 'वेज ऑफ सीइंग' या १९७२च्या पुस्तकात सात प्रकरणांपैकी तीन शब्दांशिवाय, नुसत्या चित्रांची आहेत. हे वाचन शिकायला ती तीन प्रकरणं फार चांगली. आपल्याकडे दयानिता सिंग यांनी पुस्तकाच्या आकाराचाच इतका विचार केलाय की त्यांची पुस्तकं प्रदर्शनासारखी उभी करता येतात. 'म्युझियम भवन' हा २०१७चा संच म्हणजे पेटीत घातलेल्या नऊ घडीच्या पुस्तिका. घडी उलगडली की टेबलावर भिंत उभी राहते. त्याच दयानितांनी अहमदाबादला विद्यार्थिनी असताना केलेलं पहिलं पुस्तक झाकीर हुसेन यांच्यावर होतं, १९८६ सालचं. त्याच्या मूळ हस्तनिर्मित प्रतीची हुबेहूब आवृत्ती २०१९ साली निघाली, डिंकाचे डाग आणि कात्रणांच्या कडा यांसह. झाकीरभाई डिसेंबर २०२४ मध्ये गेल्यानंतर त्यांच्याबद्दल बरंच लिहिलं गेलं. ते वाचताना हे पुस्तकही शोधा आणि जोडीला नसरीन मुन्नी कबीर यांनी त्यांच्याशी केलेला पुस्तकभर संवाद, 'अ लाइफ इन म्युझिक', ठेवा. एकात त्यांचं घर, प्रवास, हात दिसतात. दुसऱ्यात ते स्वतः बोलतात.

फोटोखालच्या ओळीवर मात्र दुसऱ्या वाचनात डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. ठिकाण, वर्ष, प्रसंग, छायाचित्रकार. एक सोपी परीक्षा सांगतो. स्वातंत्र्यानंतर लाल किल्ल्यावर पंडित नेहरूंनी तिरंगा पहिल्यांदा फडकावला तो १६ ऑगस्ट १९४७ रोजी. छायाचित्रकार होमाई व्यारावाला तिथे कॅमेरा घेऊन हजर होत्या. कित्येक ठिकाणी असे फोटो १५ ऑगस्टचे म्हणून छापले जातात. ज्या पुस्तकात तारीख बरोबर आहे तिथे कुणीतरी बसून तपासलंय. व्यारावालांवरचं सबीना गडिहोक यांचं पुस्तक २००६चं आहे, खुद्द होमाईंशी बोलून लिहिलेलं. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या या बाईंची गोष्ट मराठी घरांत जितकी पोचायला हवी तितकी पोचलेली नाही.

छपाई तपासायची तर काळ्या-पांढऱ्या फोटोतला सर्वांत गडद भाग बघा. केसांत, कोटाच्या घडीत, सावलीत तपशील दिसतोय की नुसता काळा गोळा झालाय? दोन पानांवर पसरलेला फोटो असेल तर पुस्तक पूर्ण उघडून पाहा, जोडावर कुणाचा चेहरा तर गिळला गेला नाही ना. पुठ्ठ्याच्या कण्याकडून डोकावलं की पानं शिवलेली आहेत की नुसती चिकटवलेली, तेही दिसतं. चिकटवलेलं जड पुस्तक दहा-बारा वेळा उघडलं की पानं सुटायला लागतात, आणि आपल्या पावसाळ्यात तर लवकरच.

चित्रकलेच्या पुस्तकात माझी बोटं आधी चित्राच्या मापाकडे जातात. माध्यम, वर्ष, लांबी-रुंदी. वासुदेव गायतोंडे यांची कित्येक चित्रं माणसाच्या उंचीच्या आसपासची आहेत. रोलरनं आणि सुरीनं रंगांचे थर चढवत, काढत, आतून प्रकाश आल्यासारखा पृष्ठभाग त्यांनी तयार केला. पुस्तकात ते चित्र तळहाताएवढं होतं आणि थर सपाट होतात. यात प्रकाशकाचा दोष नाही. म्हणून माप वाचा, खोलीतल्या दाराच्या चौकटीशी ताडून ते डोळ्यांपुढे आणा, आणि शक्य असेल तेव्हा मूळ चित्र गाठा. मुंबईत वस्तुसंग्रहालयातल्या जहांगीर निकल्सन दालनात आणि राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात काय लावलंय ते विचारून जा. मीरा मेनेझिस यांचं गायतोंडे यांच्यावरचं पुस्तक (२०१६) त्या भेटीआधी वाचण्यासारखं आहे. गोव्याच्या मुळांचा, नागपुरात जन्मलेला, मुंबईत घडलेला आणि दिल्लीत एकटा राहिलेला हा माणूस किती कमी बोलायचा हे त्यात कळतं.

गायतोंडे बोलले नाहीत, प्रभाकर बरवे मात्र लिहून गेले. 'कोरा कॅनव्हास' हे चित्रकारानं मराठीत केलेलं चिंतन आहे. रिकाम्या जागेचं काय करायचं, वस्तू आणि तिचा आकार वेगळे कसे होतात, अशा प्रश्नांवर. शांता गोखले यांनी त्याचं इंग्रजी भाषांतरही केलंय. चित्रं कळत नाहीत म्हणणाऱ्या वाचकानं इथून सुरुवात करावी, रोज दोन पानं, त्याहून जास्त नको. संदर्भासाठी सुहास बहुळकर आणि दीपक घारे यांनी संपादित केलेला शिल्पकार चरित्रकोशाचा दृश्यकला खंड घरात किंवा निदान गावच्या वाचनालयात असायला हवा. नवं कुठलंही पुस्तक वाचताना एखाद्या चित्रकाराचं नाव अडलं की हा खंड उघडायचा.

जुन्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्यांबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी प्रताधिकार संपतो. संगीतशास्त्रकार भातखंडे १९३६ साली गेले, चित्रकार धुरंधर १९४४ साली. त्यांचं लेखन आता कुणीही छापू शकतं. म्हणून 'नवी आवृत्ती' वाचल्यावर विचारा, नवं काय? प्रस्तावना, टिपा, सूची, मूळ चित्रांची नव्यानं केलेली छपाई? धुरंधरांचं 'कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे' हे १९४०चं आत्मकथन म्हणजे जे. जे. स्कूलचा आतून पाहिलेला काळ. ते टिपांसह, चित्रांसह आलं तर दुप्पट किंमत द्या. जुन्या प्रतीची अंधूक छायाप्रत पुठ्ठ्यात बांधून दिली असेल तर ग्रंथालयातली जुनी प्रतच बरी.

आणि ग्रंथालयं खरोखर वापरा. चार हजारांचं पुस्तक आधी तिथे वाचा, वर्षभरानंतरही आठवत राहिलं तर विकत घ्या. मुंबईत एशियाटिक सोसायटी आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, पुण्यात चित्रपट संग्रहालयाचा ग्रंथविभाग, पणजीत पाटोची कृष्णदास शामा मध्यवर्ती लायब्ररी. सभासदत्वाचे आणि बसून वाचण्याचे नियम आधी फोन करून विचारून घ्या. गावातल्या वाचनालयाला अनुदान मिळत असेल तर ग्रंथखरेदीच्या वेळी कलेवरच्या एका पुस्तकाची लेखी मागणी नोंदवा. मागणी नसते म्हणूनच ते घेतलं जात नाही.

एक तक्रार राहते, ती मराठी प्रकाशकांबद्दल. कलेवरच्या किती मराठी पुस्तकांना शेवटी सूची असते? चित्राखाली माप, माध्यम आणि संग्राहकाचं नाव किती ठिकाणी छापलं जातं? लेखकानं आयुष्यभर जमवलेली माहिती सूचीअभावी पुस्तकात पुरली जाते आणि पुढच्या अभ्यासकाला पुन्हा पहिल्यापासून खणावी लागते. पुस्तक आवडलं आणि सूची नसली, तर प्रकाशकाला तसं कळवा. दोन ओळींचं पत्र किंवा ईमेल पुरे. पुढच्या आवृत्तीत सूची द्या, आम्ही ती प्रतही घेऊ, एवढंच लिहा. पत्ता श्रेयनामावलीच्या पानावर छापलेला असतो.